प्रीमियम डिझेल भरलं की दिवा जातो, साधं भरलं की परत येतो: दोष डिझेलचा की गाडीचा?

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. कॉमन रेल डिझेल इंजिन, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल देणारं, आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ. सकाळी थंड गाडीला सेल्फ मारला की पहिली दोन मिनिटं खडखडाट. ॲव्हरेज हळूहळू उतरलेलं. आणि दर साडेतीनशे-चारशे किलोमीटरला डॅशबोर्डवर डीपीएफचा पिवळा दिवा. गॅरेजात नेली की ते स्कॅनर लावून आतली काजळी जाळून द्यायचे, दिवा जायचा, आणि दोन आठवड्यांत परत हजर व्हायचा.

मी डिझेल भरायचो ते सुपरमार्केटच्या आवारातल्या पंपावर. आठवड्याचा किराणा घेतला की तिथेच टाकी फुल्ल करायची, असा वर्षानुवर्षांचा क्रम. मेहुणा एकदा गाडीत बसला, तो खडखडाट ऐकला आणि म्हणाला, "दाजी, स्वस्तातलं भरता म्हणून होतंय हे. तीन टाक्या प्रीमियमच्या मारून बघा." मारल्या. आणि खरंच, त्या तीन टाक्यांत दिवा एकदाही लागला नाही. चौथी टाकी साध्या डिझेलची भरली आणि बाराव्या दिवशी दिवा लागला.

एवढा सरळ पुरावा समोर असताना कोण शंका घेईल? मीही घेतली नाही. पुढचे दोन-तीन महिने लिटरमागे जास्तीचे पैसे मोजत प्रीमियमच भरत राहिलो. मग प्रीमियमवरच दिवा लागला, आणि तेव्हा मी खऱ्या अर्थाने शोधायला बसलो.

पावत्यांनी सांगितलेली गोष्ट

डिझेल भरलं की पावतीच्या मागे किलोमीटर लिहायची सवय मला पहिल्यापासून आहे. त्या सगळ्या पावत्या टेबलावर तारखेने लावल्या. आकडे बघितले तर ॲव्हरेजमध्ये फरक दिसत होताच, पण डोळ्यात भरल्या त्या तारखा. प्रीमियमच्या पहिल्या तीन टाक्या प्रत्येकी सहा दिवसांत संपल्या होत्या. साध्याची टाकी मात्र बावीस दिवस पुरली होती.

कारण उघड होतं, मीच विसरलो होतो. त्या तीन आठवड्यांत कामासाठी रोज ऐंशी किलोमीटर जाणं आणि ऐंशी किलोमीटर येणं होतं, सगळं हायवेने. ते काम संपलं आणि मी परत नेहमीच्या फेऱ्यांवर आलो: मुलांना सोडणं, ऑफिस, बाजार, दिवसाला चार-पाच छोट्या खेपा, सगळ्या मिळून पंचवीस-तीस किलोमीटर. म्हणजे मी एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, डिझेल आणि गाडी चालवायची पद्धत. श्रेय मात्र सगळं डिझेलला दिलं.

तुमच्याकडे जुन्या पावत्या असतील तर कुठलंही हत्यार हातात घेण्याआधी हे करा. दिवा लागलेल्या तारखा, टाकी भरलेल्या तारखा, आणि त्या काळात गाडी लांब पळाली की गावातल्या गावात फिरली, हे तीन रकाने शेजारी शेजारी मांडा. अर्ध्या तासाचं काम आहे.

साधं आणि प्रीमियम यांत फरक असतो तो कुठे

सुपरमार्केटचं डिझेल म्हणजे भेसळीचं किंवा उरलंसुरलं, हा समज आधी बाजूला ठेवूया. युरोपात पंपावर विकलं जाणारं नेहमीचं डिझेल, मग पाटी कुणाचीही असो, ईएन ५९० या मानकात बसावंच लागतं. त्यात सीटेन क्रमांक (डिझेल किती चटकन पेटतं त्याचा आकडा) किमान ५१, गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), पाणी जास्तीत जास्त किलोला २०० मिलिग्रॅम, आणि बायोडिझेल ७ टक्क्यांपर्यंत. पंपावर चौकोनात 'बी ७' लिहिलेलं असतं ते याच सात टक्क्यांसाठी. चौकोन डिझेलचा, वर्तुळ पेट्रोलचा. २०१८ पासून युरोपात या खुणा आहेत. गंधकाचा १० पीपीएमचा आकडा साध्याला आणि प्रीमियमला एकच आहे. त्यामुळे प्रीमियममध्ये गंधक कमी म्हणून डीपीएफ जास्त टिकतो, हे कुणी सांगितलं तर ऐकू नका.

बऱ्याच ठिकाणी मूळ डिझेल एकाच डेपोतून निघतं. वेगवेगळ्या विक्रेत्यांचे टँकर एकाच ठिकाणी भरतात, आणि ज्याचं त्याचं ॲडिटिव्ह टँकर भरताना त्यात सोडलं जातं. फरक पडतो तो या ॲडिटिव्हमुळे. त्यात मुख्यतः इंजेक्टर स्वच्छ ठेवणारं डिटर्जंट, फेस कमी करणारं द्रव्य, गंज रोखणारं द्रव्य आणि सीटेन वाढवणारं द्रव्य असतं. सुपरमार्केटच्या डिझेलमध्ये ॲडिटिव्ह अजिबात नसतं असंही नाही. प्रीमियममध्ये त्याची मात्रा जास्त असते आणि सीटेन बहुधा काही अंकांनी वर असतो.

सीटेनबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. डिझेल सिलिंडरमध्ये फवारल्यापासून ते पेट घेईपर्यंत अगदी किंचित वेळ जातो. सीटेन जास्त तेवढा हा वेळ कमी. थंड इंजिनात हा उशीर वाढतो. मग आधी फवारलेलं सगळं डिझेल एकदम भडकतं आणि तोच आपल्याला खडखडाट म्हणून ऐकू येतो, कधी सोबत पांढरा धूरही दिसतो. म्हणून प्रीमियमवर सकाळचा आवाज मऊ झाला असं कुणी म्हणालं तर तो त्याच्या मनाचा खेळ नाही. माझ्याही गाडीत तो फरक स्पष्ट होता. पण इंजिन एकदा गरम झालं की हा फायदा बराच विरतो, कारण आताची इंजिनं मुख्य फवाऱ्याच्या आधी एक-दोन छोटे फवारे मारून आग सावकाश पेटवतात. शिवाय सीटेन म्हणजे पेट घेण्याची तत्परता, ताकद नव्हे. लिटरभर डिझेलमध्ये उष्णता किती आहे त्याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. 'सीटेन जास्त म्हणून ॲव्हरेज जास्त' हे गणित म्हणूनच जुळत नाही.

वंगणाबद्दलही लोक विचारतात. ही भीती निराधार नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये गंधक जवळजवळ काढून टाकलेलं डिझेल आलं तेव्हा इंजेक्शन पंप झिजून बिघडू लागले, कारण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले नैसर्गिक वंगण घटकही निघून जातात. त्यानंतर वंगण वाढवणारं द्रव्य घालायला सुरुवात झाली आणि मानकातच त्याची परीक्षा आली. पोलादी गोळी डिझेलमध्ये घासतात आणि तिच्यावर उमटलेला ओरखडा मोजतात. ईएन ५९० मध्ये तो ४६० मायक्रॉनच्या आत हवा. म्हणजे साध्या डिझेललाही ही परीक्षा पास व्हावीच लागते. थोडं बायोडिझेल मिसळलेलं असलं तर तेही वंगणाला मदतच करतं.

प्रीमियम जिथे पोहोचतच नाही

डिटर्जंट डिझेलबरोबर जातं. टाकी, पंप, रेल, इंजेक्टर. सिलिंडरमध्ये फवारलं की जळून गेलं. या रस्त्यावर जे जे येतं तेवढंच ते धुऊ शकतं.

ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप, या रस्त्यावर नाही. तिथे साचतो तो धुरातली काजळी आणि इंजिन ऑइलची वाफ मिळून झालेला चिकट थर. इनटेक मॅनिफोल्डमध्येही, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतही, तोच. तिथे डिझेलचा थेंबही जात नाही, त्यामुळे टाकीत काहीही ओतलं तरी तो थर निघणार नाही. तो उघडून, खरवडूनच काढावा लागतो. डीपीएफमधली राखही तशीच. काजळी जळते, राख जळत नाही. ती राख प्रामुख्याने इंजिन ऑइलमधल्या धातूंच्या क्षारांची असते. ती कमी व्हावी असं वाटत असेल तर कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं कमी राखेचं ऑइल वापरण्याला पर्याय नाही. स्वस्त मिळालं म्हणून भलतंच ऑइल घालायचं आणि भरपाई म्हणून महागडं डिझेल भरायचं, असं करणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या डीपीएफचं मला खरंच वाईट वाटतं.

टर्बोच्या पाइपला बारीक चीर, डीपीएफच्या दाबाचा सेन्सर किंवा त्याची कडक होऊन फुटलेली रबरी नळी, अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप), यांतल्या कशालाही डिझेलची पाटी बदलून फरक पडत नाही. आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या डीपीएफच्या दिव्यामागे बऱ्याचदा यांतलंच काहीतरी असतं.

माझ्या गाडीत सापडलं ते

ओबीडीच्या सॉकेटला, म्हणजे गॅरेजवाले स्कॅनर लावतात त्या खोबणीला, लावायचं एक छोटं ब्लूटूथ यंत्र घेतलं आणि फोनवर इंजिनचे चालू आकडे बघायला लागलो. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विश्वास होता, तो नेहमी बरोबर मध्यावर ९० वर उभा असायचा. पण बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. पाणी ७५ अंशांवर असो वा १०५ वर, तो ९० च दाखवतो, म्हणजे चालवणाऱ्याला उगाच धडकी भरू नये. फोनवरचा आकडा वेगळंच सांगत होता. ऑफिसला पोहोचेपर्यंत कूलंट ५८ अंश. सुट्टीच्या दिवशी हायवेला तासभर पळवली, तेव्हा कसाबसा ७७.

थर्मोस्टॅट साधारण ८३ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला हवा. माझा अर्धवट उघडाच अडकला होता, त्यामुळे पाणी सतत रेडिएटरमधून फिरून थंड होत होतं. इथे सगळे धागे जुळले. डीपीएफमधली काजळी जाळायला आतला धूर ५५० ते ६५० अंशांपर्यंत तापवावा लागतो, त्यासाठी गाडीचा संगणक जास्तीचं डिझेल उशिरा फवारतो. पण इंजिन पुरेसं गरम झाल्याशिवाय तो ही प्रक्रिया सुरूच करत नाही. गावातल्या फेऱ्यांत माझं इंजिन तिथवर पोहोचतच नव्हतं. हायवेला पोहोचायचं, काजळी जळायची, दिवा लागायचा नाही. थंड इंजिनात डिझेल जास्त लागतं, म्हणून ॲव्हरेजही उतरलेलं. प्रीमियमच्या तीन टाक्यांची जादू ती हीच.

थर्मोस्टॅट बदलला. आता दहाएक किलोमीटरमध्ये ८८ येतात. सुपरमार्केटचंच डिझेल भरलं, फेऱ्याही त्याच, फक्त आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर नेतो. दिवा नाही.

एक गोष्ट मनाला लागली ती लिहून ठेवतो. गॅरेजात चार वेळा गाडी गेली, चारही वेळा काजळी जाळून परत आली, आणि ती का साचते हे एकदाही बघितलं गेलं नाही. पाण्याचं तापमान त्याच स्कॅनरच्या पडद्यावर होतं. जबरदस्तीने काजळी जाळणं म्हणजे डीपीएफला आणि ऑइलला प्रत्येक वेळी त्रास देणं. दुसऱ्यांदा तीच गोष्ट करायची वेळ आली तर तुम्ही तिथेच थांबा आणि कारण विचारा.

तुमच्या गाडीत कुठून सुरुवात कराल

तापमान सगळ्यात आधी, ते वर सांगितलंच. स्कॅनरवर बिघाडाचे कोड वाचताना पी ०१२८ दिसला तर थर्मोस्टॅटकडे बोट आहे. पी २४६३ म्हणजे काजळी साचली एवढंच. का साचली ते हा कोड सांगत नाही. पी ०४०१ ईजीआरचा प्रवाह कमी असल्याचा. पी ००८७ दिसला, म्हणजे रेलमधला दाब कमी पडतोय, तर मात्र डिझेल आणि डिझेल फिल्टरकडे वळा.

दुसरं, ऑइलची डिपस्टिक. पातळी खाली जाण्याऐवजी वर चढत असेल तर सावध व्हा. काजळी जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहिली, तुम्ही मध्येच गाडी बंद केलीत, की उशिरा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. बोटाला लावून बघा, पातळ लागेल, डिझेलचा वास येईल. असं ऑइल ताबडतोब बदलायचं, सर्व्हिसची तारीख आली नसली तरी.

तिसरी, काचेच्या बरणीची परीक्षा. डिझेल खरंच खराब आहे का याचं उत्तर हिच्याइतकं स्वस्तात दुसरं कुठलं देत नाही. डिझेल फिल्टरच्या तळाशी बहुतेक गाड्यांत पाणी काढायचा स्क्रू असतो. इंजिन बंद आणि थंड असताना तिथून पाव लिटर डिझेल स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत घ्या, झाकण लावा आणि रात्रभर एका जागी, घरातल्या उबेत ठेवा. सकाळी बरणी न हलवता उजेडासमोर धरा. चांगलं डिझेल आरपार दिसतं, बरणीमागे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येतात. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर किंवा मण्यांसारखे थेंब दिसतात, आणि बरणी तिरकी केली की ते घरंगळतात. दोन्हींच्या मधोमध काळपट, शेवाळासारखा पापुद्रा तरंगत असेल तर टाकीत जिवाणू-बुरशी वाढली आहे. ती डिझेल आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेवरच वाढते. नुसतं गढूळ, दुधाळ दिसलं तर बारीक पाणी मिसळलेलं आहे.

यांपैकी काही दिसलं तर आधी पंप बदला, ग्रेड नव्हे. प्रीमियमची टाकीही जमिनीखाली आहे, तिच्यातही पाणी शिरू शकतं. उलट एखाद्या पंपावर प्रीमियमचा खप कमी असेल तर तेच डिझेल जास्त दिवस पडून राहिलेलं असतं. सुपरमार्केटच्या पंपाची खरी जमेची बाजू ही की तिथे दिवसभर रांग असते आणि माल ताजा राहतो. जिथे टँकर उतरवणं चालू असतं तिथे मी शक्यतो थांबत नाही, दुसऱ्या पंपावर जातो. ही माझी सवय आहे, नियम म्हणून सांगत नाही. बरणीत पाणी सापडलं असेल तर फिल्टर बदला, टाकी तळापासून साफ करून घ्या आणि तोवर गाडी पळवू नका. कॉमन रेल पंपाला वंगण डिझेलचंच असतं. पाणी शिरलं की तो धातूवर धातू घासून आपलाच चुरा पुढे इंजेक्टरपर्यंत पाठवतो, आणि तो खर्च सगळ्यात मोठा.

चौथी गोष्ट इंजेक्टरची. प्रीमियमचा हक्काचा प्रांत हाच, म्हणून जरा सविस्तर. इंजेक्टरच्या तोंडाची छिद्रं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतात. आतल्या सुईभोवतीची फट दोन-तीन मायक्रॉनची, आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. त्यातून २००० बारच्या आसपास दाबाने डिझेल जातं. एवढ्या तंग जागेत लाखेसारखा पातळ थर बसला तरी सुई किंचित उशिरा उठते, किंचित उशिरा बसते. मग गाडी न्यूट्रलमध्ये हलते, मिसिंग करते, पिकअप मंदावतो आणि काजळी जास्त बनते. इंजिन गरम असताना, गाडी उभी असताना स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची दुरुस्ती-मात्रा दिसते, म्हणजे त्या इंजेक्टरला संगणक किती जास्त किंवा कमी डिझेल द्यायला सांगतोय तो आकडा. मर्यादा गाडीगणिक वेगळी आहे, म्हणून एका आकड्यावर जाऊ नका. चारांतला एकच बाकीच्यांपासून लांब पडलाय का ते पाहा. त्यानंतर परतीच्या नळ्यांना (इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल टाकीकडे नेणाऱ्या) चार बाटल्या लावून कुठली लवकर भरते ते बघायचं, ते काम मेकॅनिकवर सोडा. चालू इंजिनात हाय प्रेशरच्या नळीचं नट सैल करून बघायची जुनी पद्धत कॉमन रेलला कधीही वापरू नका. ती बारीक धार कातडीच्या आत घुसते आणि हात गमवायची वेळ येते.

चारही इंजेक्टर थोडेथोडे बिघडलेले दिसत असतील, गाडी जुनी असेल आणि बराच काळ छोट्या फेऱ्यांवर चालली असेल, तर तिथे प्रीमियम नक्की द्या. डिटर्जंटला वेळ लागतो, एका टाकीत निकाल बघू नका. चार-पाच टाक्या सलग. एकच इंजेक्टर वेगळा पडत असेल तर तो बहुधा झिजला आहे, आणि झिजलेला धातू कुठलंही डिझेल परत आणून देत नाही.

डिझेलची तुलना करायचीच असेल तर

चार टाक्या साध्या, चार प्रीमियम, आणि त्या काळात बाकी काहीही बदलायचं नाही. टायर, टायरमधली हवा, रस्ता, एसीची सवय, सगळं तेच. मध्येच फिल्टर बदललात तर मोजणी पहिल्यापासून. दर वेळी एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, पहिल्या 'टक्' ला थांबायचं. वरून थोडंथोडं कोंबत बसलात की लिटर-दीड लिटरचा फरक सहज पडतो, आणि तुम्ही शोधताय तो फरक त्याहून लहान असू शकतो. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज लिहू नका. पावतीवरचे लिटर आणि मीटरवरचे किलोमीटर घ्या. थंडीत एक बाजू आणि उन्हाळ्यात दुसरी, असं केलंत तर ती तुलना हवामानाची झाली. बायोडिझेलमध्ये लिटरमागे उष्णता साध्या डिझेलपेक्षा जेमतेम आठ-नऊ टक्के कमी असते, म्हणजे सात टक्के मिश्रणात फरक पाऊण टक्क्याच्याही आतला. घरगुती मोजमापात तो सापडणं जवळजवळ अशक्य.

एक इशारा. सतत प्रीमियम आणि वर बाटलीतलं ॲडिटिव्ह, असं दुहेरी औषध देऊ नका. डिझेलमध्ये आधीच मोजून घातलेल्या द्रव्यांशी ते कसं वागेल ते बाटलीवर लिहिलेलं नसतं.

आणि डिझेल साठवत असाल, जनरेटरसाठी किंवा शेतीसाठी, तर ते गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, डब्यात कधीही ठेवू नका. जस्ताचा अंश डिझेलमध्ये उतरतो आणि इंजेक्टरच्या छिद्रांत थर जमवतो. किती थोडा अंश पुरतो बघा: इंजेक्टर किती लवकर चोंदतात ते तपासायची युरोपातली जी प्रमाणित इंजिन-चाचणी आहे, सीईसी एफ-९८-०८, तिच्यात मुद्दाम फक्त १ पीपीएम जस्त मिसळतात, आणि तेवढ्यावर इंजिनची ताकद उतरलेली मोजता येते. पितळी, तांब्याची तोटीही नको.

थंडीचं वेगळं. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टरवर बसतं आणि गाडी चालू होऊन दोन मिनिटांत बंद पडते. ईएन ५९० मध्ये यासाठी अ पासून फ पर्यंत सहा दर्जे आहेत, फिल्टर तुंबण्याची मर्यादा शून्यावर ५ अंशांपासून ते उणे २० अंशांपर्यंत, त्यापुढच्या थंडीसाठी ध्रुवीय दर्जे वेगळे. हिवाळ्याचं डिझेल ऋतूप्रमाणे साध्या पंपावरही येतं. उबदार प्रदेशात टाकी फुल्ल करून डोंगरात जाणाऱ्याला त्रास होतो तो आधीच्या डिझेलचा. अशा वेळी टाकी अर्ध्यावर आणून वर पोहोचायच्या आतच, थंड भागातल्या पंपावर भरावी. मेण पातळ करायला पेट्रोल किंवा रॉकेल मिसळण्याचा जुना उपाय कॉमन रेल पंपाला मारक आहे.

माझ्या गाडीत एक गोष्ट अजून उरली आहे. थर्मोस्टॅटनंतर दिवा गेला, ॲव्हरेज वर आलं, पण सकाळचा खडखडाट थंडीच्या दिवसांत थोडा राहिलाच. तिसऱ्या सिलिंडरची दुरुस्ती-मात्रा बाकी तिघांपेक्षा किंचित वर आहे. म्हणून सध्या सलग पाच टाक्या प्रीमियमच्या चालू आहेत, आणि दर टाकीला इंजिन गरम झाल्यावर तो आकडा पावतीच्या मागे किलोमीटरच्या शेजारी लिहितोय. दोन टाक्या झाल्या. आकडा अजून तिथेच आहे. पाचव्यानंतरही हलला नाही तर तो इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावायचा, आणि परत सुपरमार्केटच्या पंपावर.